नळीचा नाद

सांगू नये, पण आता राहवत नाही. आमच्या पुण्याच्या उपनगरांत, चांगल्या शिकल्यासवरल्या, गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरणाऱ्या, लेकराबाळांच्या बापांना एक नवं व्यसन लागलंय. पत्ते असते तर चाललं असतं. बाटली असती तरी चारचौघींत बोलून मन हलकं करता आलं असतं. पण हे बोलायचं तरी कसं? ही माणसं रविवारी सकाळी, अजून देवापुढे दिवा लागायचाय अशा वेळी पार्किंगमध्ये उतरतात, फाटकी सतरंजी अंथरतात, आपल्याच गाडीच्या मागे कुशीवर आडवी होतात आणि जिथून धूर बाहेर पडतो ती नळी घासत बसतात.

बॉनेट नव्हे हो, काच नव्हे, नळी! सायलेन्सरचं ते शेवटचं वीतभर क्रोमचं तोंड. गाडी चालवणाऱ्याला ते कधी दिसत नाही, आत बसलेल्यांना दिसत नाही. दिसलंच तर सिग्नलला मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला, आणि त्याचं सगळं लक्ष सिग्नल सुटायच्या आधी कसं निघता येईल याकडे. ज्या घरात पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ आहे, त्या घराचा कर्ता पुरुष कापसाच्या काडीने नळीची आतली किनार कोरताना मी गॅलरीतून या डोळ्यांनी पाहिलाय. कापसाची काडी! कान कोरायची!

बरं, गाडी पुसायला माणूस नाही असंही नाही. तो रोज पहाटे बादली घेऊन येतो, पन्नास गाड्या उरकतो आणि उजाडायच्या आत दुसऱ्या सोसायटीत पोचलेला असतो. त्याला आता सक्त ताकीद मिळालीय, मागच्या नळीला हात लावायचा नाही. कारण काय, तर तो ज्या फडक्याने चाकं पुसतो त्याच फडक्याने नळी पुसतो, आणि त्यातल्या वाळूच्या कणांनी क्रोमवर बारीक रेघा उमटतात. खरंय ते, उमटतात. पण म्हणून काय त्या बिचाऱ्याच्या फडक्याची उन्हात धरून झडती घ्यायची? सी विंगमधल्या एकांनी घेतली म्हणतात. ते स्वतः नळीसाठी वेगळं, मऊ, निळं फडकं वापरतात. ते फडकं मशीनमध्ये वेगळं धुतलं जातं. त्यांचे शर्ट बाकीच्या कपड्यांत.

आता घराघरांतून काय काय नाहीसं होतंय ते ऐका. पहिला गेला चांदीचा कागद, पोरांच्या डब्यातल्या पोळ्या गुंडाळायचा. तो चुरगाळायचा, पाण्यात बुडवायचा आणि नळीवर चोळायचा, की गंजाचे तांबूस ठिपके निघतात. हे थोतांड असतं तर बरं झालं असतं, दोन रविवारांत आपोआप सुटलं असतं. पण यात तथ्य आहे. कागदातलं ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे क्रोमला ओरखडा जात नाही आणि वर बसलेला गंज तेवढा खरवडला जातो. पहिल्यांदा तो चमत्कार पाहिला की माणूस कामातून गेलाच म्हणून समजा. बायकोला खाली बोलावतो. ती गॅस बारीक करून, ओल्या हातांनी उतरते, वाकून बघते आणि ‘छान आहे’ म्हणते. कुंकवाच्या धन्यासाठी बाई आणखी काय करणार?

कागदापाठोपाठ लिंबं गेली, मग चिंच, मग टूथपेस्ट. एकीने समया घासायला पितांबरीचा डबा उघडला तर तळाला चमचाभर शिल्लक. आता पितांबरी तांब्या-पितळेची, तिचा त्या धुराच्या नळीशी काय संबंध? पण विचारायची सोय नाही. सैन्यातून निवृत्त झालेले एक शेजारी आहेत. बकलं आणि बटणं चमकवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी ब्रासोची बाटली आणली आणि पार्किंगमध्ये शिकवणीच लावली. थोडंसं फडक्यावर घ्या, गोल गोल फिरवा, वाळू द्या, मग कोरड्या फडक्याने पुसा. जर्मन मलमाची ट्यूब वापरणारे वेगळे. ते या ब्रासोवाल्यांकडे तिरक्या नजरेने बघतात. लिफ्टमध्ये दोन्ही गट एकत्र आले की कोणी कोणाशी बोलत नाही.

पण खरी बदनामी झाली ती तारेच्या घासणीची. होय, भांड्यांची. एका नवशिक्याने ती वापरली आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांनी त्याला नमस्कार करणं सोडलं. इथे मात्र मला त्या लोकांची बाजू घ्यावी लागते, कारण क्रोमचा मुलामा म्हणजे काही जाडजूड पत्रा नव्हे. लोखंडावर बहुधा आधी तांबं, त्यावर निकेल, आणि सगळ्यात वर क्रोमियम. तो वरचा थर मायक्रॉनच्या पाव ते अर्ध्या भागाइतका. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे या घासणाऱ्यांच्या डोक्यावरून गळालेल्या एका केसाच्या जाडीत असे शंभरावर थर मावतील. डोळ्यांत भरणारी चकाकी तर मुळात खालच्या निकेलची. क्रोम तिला किंचित निळसर झाक देतं आणि मळू देत नाही, इतकंच. त्यावर तारेची घासणी! हात थरथरला नाही का मेल्याचा?

आणखी एक कुजबूज आहे, ती मी नाव न घेता सांगते. संडास धुवायचं ॲसिड. लावलं म्हणे कोणीतरी, ‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ म्हणून. आता त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड मुलामा देण्याच्या कारखान्यांत जुनं क्रोम उतरवायला वापरतात. त्यामुळे एकदाच काय ते झालं, हे खरं. गाडी त्यानंतर भिंतीकडे पाठ करून उभी असते.

तरी डाग निघत नाहीत, आणि त्याचं कारण यांना कोणी सांगत नाही. क्रोम स्वतः गंजतच नाही. त्याच्या त्या पातळ थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतात. त्यांतून ओल खाली झिरपते, आतलं लोखंड गंजतं आणि मुलाम्याला फोड येतो. फोड आला की घासून काही उपयोग नाही, उलट खपली निघते. कोकणात गाव असलेल्यांचे जास्त हाल. गणपतीला गाडी आठवडाभर खाऱ्या वाऱ्यात उभी राहते आणि परत आल्यावर गृहस्थ आधी बॅगा न उतरवता मागे वाकून बघतात. एकांनी तर गावाला निघताना नळीवर प्लास्टिकची पिशवी घातली, रबर लावलं आणि तसंच इंजिन सुरू केलं. पिशवीचं काय झालं ते सांगायला नको. वास चांदणी चौकापर्यंत होता.

आणि गरम नळीला हात लावायचा नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, नाही का? पण आमच्याकडे एकांच्या मनगटावर अर्धगोल डाग आहे. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, पापड भाजताना भाजलं. पापड! या माणसाने जन्मात गॅसची शेगडी पेटवलेली नाही.

हे खूळ आलं कुठून म्हणाल, तर अमेरिकेतून. क्रोमियम १७९७ साली फ्रान्समध्ये व्होकलाँ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने सैबेरियातल्या लाल खनिजातून शोधून काढलं, पण तो बिचारा निर्दोष आहे, त्याच्या मनात मोटारीच नव्हत्या. मोटारींना आधी पितळ असे, मग निकेल आलं. दोन्ही मळायची, दोन्ही सारखी घासावी लागायची. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रोमचा मुलामा आला, आणि त्याचा मोठा गुण काय सांगितला गेला? की हे घासावं लागत नाही! ऐकताय ना? सतरंजीवरचे ते सगळे देह डोळ्यांसमोर आणा आणि हे वाक्य पुन्हा वाचा.

मग १९५० च्या दशकात अमेरिकन गाड्यांनी ताळच सोडला. कॅडिलॅकने धुराच्या नळ्यांची तोंडं मागच्या बंपरमध्येच बसवून टाकली, म्हणजे धूरसुद्धा दागिने घालून बाहेर पडावा. १९५८ च्या ब्यूकच्या पुढच्या जाळीत तर क्रोमचे १६० चौकोन होते. आपल्याकडे तेव्हा आणि त्यानंतरही बराच काळ अशी थेरं नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला बंपर क्रोमचे होते, ते लोक पुसायचे, मुलं त्यात तोंड वाकडं करून बघायची. मागची नळी मात्र बारीक, साधी, कायम काळी. तिच्याकडे कोणी बघत नसे आणि तिचीही काही तक्रार नसे. खंडेनवमीला गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची, बॉनेटवर स्वस्तिक काढायचं, चाकांखाली लिंबू ठेवायचं. नळीला हळदकुंकू वाहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. या दसऱ्याला वाहतील, सांगून ठेवते.

तरुण पिढीचं आणखीच वेगळं. इंजिनाजवळची नळी फार तापली की तिच्यावर आधी सोनेरी, मग जांभळी, मग निळी झाक येते. उष्णतेने धातूवर अतिशय पातळ थर चढतो आणि त्यात प्रकाशाचे रंग खेळतात. मोटारसायकलवाल्यांच्या आधीच्या पिढीने हा निळेपणा घालवण्यासाठी आयुष्यातल्या किती रविवारच्या दुपारी खर्ची घातल्या! आणि आता त्यांचीच पोरं नाना पेठेतल्या दुकानांत जाऊन मुद्दाम निळी जाळलेली टोपणं विकत आणतात आणि गाडीच्या मागे लावतात. बाप खाली बसून निळं घासून काढतोय, मुलगा निळं विकत आणतोय, आणि दोघांचे पैसे एकाच खात्यातून जातायत. दुकानदार या टोपणाला ‘मफलर कटर’ म्हणतो. एका नळीला एक पुरेना, म्हणून दोन तोंडांचंही मिळतं. आत नळी एकच, बाहेर तोंडं दोन. राजकारणात ठीक आहे, पण गाडीला?

बुलेटवाल्या पोरांना मात्र आमच्या काकालोकांत मुळीच मान नाही. सायलेन्सर बदलून फटाके फोडत जाणारं पोरगं दिसलं, की सतरंजीवरून सगळ्या माना एकदम वळतात आणि नापसंतीचा च्यक् निघतो. पुण्यात, नागपुरात पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा आवाजाला दंडही १०,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो. काकांचं म्हणणं असं, की दंड योग्यच आहे, पण त्या ढिगात काही सायलेन्सर इतके सुरेख चमकत होते, की रोलर फिरवण्याआधी कोणाला तरी विचारायला हवं होतं.

आता जरा गंभीर आरोप. या लोकांनी पुरावे नष्ट केलेत. पूर्वीचा मेकॅनिक गाडीच्या मागे वाकायचा, नळीत बोट फिरवायचा आणि रोग सांगायचा. कोरडं भुरभुरीत काजळ म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, चिकट तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल पितंय. आता तो बोट फिरवतो तर बोट स्वच्छ. गाडी निळा धूर ओकत आलेली आणि नळीचं तोंड मात्र लख्ख! कोपऱ्यावरचा गॅरेजवाला परवा हात जोडून म्हणाला, साहेब, आजारी माणसाची जीभ घासून आणू नका हो. साहेबांना राग आला. त्यांनी गॅरेज बदललं.

काळं पडण्यातही आता जातपात आली आहे. काही नव्या पेट्रोल गाड्यांमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारतात. त्यांना काजळी जास्त धरते आणि त्यांच्या मालकांना घासायला भरपूर मिळतं. उलट १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी लागली आणि त्यांची नळी आतून बोट फिरवावं इतकी स्वच्छ राहू लागली. जन्मभर ‘डिझेलचा धूर’ म्हणून टोमणे खाल्लेले एक गृहस्थ आता रविवारी सर्वांमध्ये हात मागे बांधून फिरतात. त्यांना काम नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या गाडीला नळीच नाही. ते खाली येतात, सगळ्यांना चहा विचारतात आणि वर जातात. त्यांच्या पत्नीला विचारलं तर म्हणाली, घरात फार चिडचिड करतात.

पण सगळ्यात मोठी गंमत आतल्या पाण्याची. पेट्रोल जळलं की नुसता धूर होत नाही, पाणीही होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी, वाफेच्या रूपात, त्याच नळीवाटे बाहेर पडतं. गाडी लांब पळाली, सायलेन्सर पुरता तापला, की ती वाफ सुखाने निघून जाते. आणि आमची ही चमकदार मंडळी गाडी नेतात कुठे? मंडईपर्यंत. कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत. कारण लांब नेली की नळी काळी होते! मग ती वाफ सायलेन्सरच्या थंड डब्यातच पाणी होऊन साचते आणि डबा आतून कुजत जातो. वरून कीर्तन, आतून तमाशा. काही सायलेन्सरना हे पाणी निघून जावं म्हणून खाली मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ए विंगमधल्या एकांना ते भोक सापडलं. त्यातून टपकणाऱ्या थेंबांचे डाग घासलेल्या नळीवर येतात म्हणून त्यांनी ते एम-सीलने बुजवलं. कंपनीची चूक दुरुस्त केली असं सांगत होते सगळ्यांना.

चोरांना विचाराल तर त्यांना या चकाकीचं काडीचं कौतुक नाही. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात आणि गुजरातेत इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात गायब होऊ लागले होते, आठवतंय? लोकांना कळेना, ती काळीकुट्ट गंजकी वस्तू चोरून करायची काय. तर तिच्या पोटात धूर शुद्ध करणारा भाग असतो आणि त्यातल्या मातीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. २०२१ च्या सुमारास ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या कितीतरी पट वर गेला होता. चोर माती काढून घेत आणि उरलेलं लोखंड टाकून देत. ही बातमी आमच्या पार्किंगमध्ये पोचली तेव्हा सगळे क्षणभर गप्प झाले. मग एकांनी विचारलं, ‘पण क्रोमचं टोपण ठेवून जातात का?’

आता शेवटचं सांगते, हे अगदी ताजं आहे. डी विंगमधल्या एकांनी नवी एसयूव्ही घेतली. मागे उजवीकडे एक, डावीकडे एक, अशा भल्यामोठ्या चौकोनी चमकत्या नळ्या. सगळ्या सोसायटीच्या पोटात दुखलं. आणि त्यांचं घासणं काय वर्णावं! नवरीला हळद लावावी इतक्या हळुवार हाताने, आधी उजवी, मग डावी. बाकीचे उभे राहून बघत असत. त्या नळ्या कधी काळ्या होत नसत, आणि याचं श्रेय सर्वांनी त्यांच्या हाताला दिलं होतं.

गेल्या आठवड्यात ते पीयूसी काढायला पेट्रोल पंपावर गेले. तिथल्या पोराने तपासणीची सळई उजव्या नळीत घातली, तर ती ठक् करून थांबली. डावीत घातली, तिथेही ठक्. मग ते पोरगं जमिनीवर झोपलं, गाडीखाली बघितलं आणि खरी नळी शोधून काढली. बंपरच्या मागे, खाली मान घालून लपलेली, बारीक, गंजकी, पद्मिनीला शोभेल अशी. बाहेरच्या दोन नुसत्या चौकटी, त्याही प्लास्टिकच्या, वर क्रोमचा मुलामा चढवलेल्या. हे काही त्यांच्या एकट्याच्या नशिबी आलेलं नाही. कोटी रुपयांच्या परदेशी गाड्यांनाही आजकाल अशी खोटी तोंडं लावलेली असतात, त्यामुळे त्यांनी लाजायचं कारण नव्हतं. पण पीयूसीच्या रांगेत आमच्याच सोसायटीतले दोघे उभे होते, आणि ते परतायच्या आत बातमी चारही विंगांत पोचली.

रविवारी आम्ही गॅलऱ्यांत उभ्याच होतो. आता येतील की नाही, आले तर कोणत्या तोंडाने येतील. ते आले. सतरंजी अंथरली, निळं फडकं झटकलं आणि उजवीपासून सुरुवात केली. शेवटी त्या सैन्यातल्या शेजाऱ्यांना राहवलं नाही. जवळ जाऊन, आवाज उतरवून म्हणाले, ‘अहो, पण ती खोटी आहे ना?’

‘तेच तर,’ ते मान वर न करता म्हणाले, ‘कध्धी काळी पडत नाही.’

त्या दुपारी नाना पेठेतल्या दुकानात आमच्या सोसायटीतून तीन फोन गेले. अशी बंद तोंडाची नळी जुन्या गाडीला बसवून मिळेल का, म्हणून.